तीन नंबर, सहावा रोलर

फाइल दिसते.
नाव दिसतं, तारीख दिसते, वजनही दिसतं.
आवाज तेवढा नाही.
"हा प्रकार चालवता येत नाही," कॉम्प्युटर म्हणतो,
कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसाइतक्या सभ्यपणे,
आणि 'ठीक आहे' लिहिलेलं एकच बटण पुढे करतो.
ठीक काय आहे, ते सांगत नाही.

चौतीस वर्षं पुओलायार्वीच्या कागद गिरणीत
मी यंत्रं ऐकली.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून.
कोरडं पडलेलं बेअरिंग कुरकुरतं.
फुटकं टकटकतं.
आणि जे चार दिवसांत जाणार असतं
ते गर्जनेच्या तळाशी बारीक, गोड गुणगुणतं.
नवी पोरं त्यालाच फसायची.

गिरणीच्या जागी आता सर्व्हर ठेवलेत,
तळ्याच्या पाण्याने थंड होतात म्हणे.
कुंपणाजवळून जाताना मी उगाच थांबतो.
त्यांना बेअरिंगं असतील का?

शेजारचा वेती आला. वय तेरा.
बूट दारात, बुटांवर बर्फ.
आधी त्याने आवाज शंभरावर नेला.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!
मग वायर हिरव्या भोकातून गुलाबी भोकात,
पुन्हा हिरव्यात.
मग ड्रायव्हर काढला, परत घातला.
रेडिओ लावून पाहिला: वाऱ्याचा अंदाज,
खणखणीत.
म्हणजे घसा शाबूत आहे,
या आठ फाइलींपुढेच दातखीळ बसते.

मग टिंबापुढची तीन अक्षरं पुसून
त्याने दुसरी तीन लिहिली.
क्षणभर वाटलं, जमलं.
आली ती नुसती चरचर.
आउने आतून ओरडली, "मासे लागले का खाली?"

"आजोबा, ही त्या जुन्या रेकॉर्डरची स्वतःची भाषा.
कंपनीनेच टाकून दिलीय.
समजणारं कुणी उरलं नाही."
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो पडद्याकडे पाहत होता.

खणात फ्यूज, विणायच्या सुया, सौनाच्या दाराची बिजागरी,
आणि तळाशी रेकॉर्डरसोबत आलेली सीडी.
ती म्हणाली, हा कॉम्प्युटर फार नवा आहे.
(माझा कॉम्प्युटर! नवा!)
वेतीने कुठेतरी एक खूण केली,
आणि कॉम्प्युटरला ढोंग करायला लावलं
की हे साल दोन हजार दोन आहे.
त्याने ते मुकाट मानलं.

आधी माझाच आवाज.
"तीन नंबर, वाळवणी विभाग, सहावा रोलर, मंगळवार."
घाईतला. जरासा उर्मट.
मग गर्जना.
टेबलावरच्या कपात चमचा थरथरला,
आउने हात पुसत दारात येऊन उभी राहिली,
काही बोलली नाही.

त्या मंगळवारी मी वहीत लिहिलं होतं: ठीक.
शुक्रवारी बेअरिंग जाम झालं.
रेइयो झाकण उघडून वाकला होता.
डाव्या हाताची तीन बोटं.
त्याने मला कधी एक शब्द विचारला नाही,
दर ख्रिसमसला सामन माशाचा तुकडा पाठवत राहिला,
परवाच्या वसंतात गेला.

मी डोळे मिटले.
गर्जना ऐकू येते, पूर्ण.
तिच्या तळाशी काय आहे, ते येत नाही.
कानयंत्राचं बटण फिरवलं.
बारीक सूर माझ्या कानातून केव्हाच निघून गेलेत,
डॉक्टरने आलेख काढून दाखवला होता.

"वेती," मी म्हटलं,
"नीट ऐक. या सगळ्याच्या खाली
काही बारीक वाजतंय का?"

त्याने हेडफोन घातले.
मान तिरकी केली, अगदी आमच्यासारखी.
बराच वेळ.

"आहे," तो म्हणाला.
"कुणीतरी गुणगुणल्यासारखं.
छान आहे, आजोबा."